दशमीचा समुद्र

रायगड जिल्ह्यात माथेरानही येतं आणि नागावही. एक समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, दुसरं भरतीच्या रेषेला लागून. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना दोन्हीकडे काम मिळतं, पण एकीकडचे ठोकताळे दुसरीकडे चालत नाहीत. माथेरानला दस्तुरीच्या पुढे आपली गाडी नेता येत नाही. कॅमेऱ्यांच्या पेट्या, लाइट, स्टँड, सगळं हातगाडीवर नाहीतर घोड्यावर. त्यात निम्मा दिवस जातो, पण एकदा वर पोचलं की डोंगर जागेवर असतो. सकाळी हेरून ठेवलेला कडा संध्याकाळी तिथेच सापडतो. धुकं आलं तर चहा प्यायचा, गेलं की पुन्हा कॅमेरा लावायचा.

मुळशी, पवना, लोणावळा, महाबळेश्वर हा माझा नेहमीचा पट्टा. तिथली माझी तक्रार एकच, उजेडाची. डोंगराच्या पायथ्याशी मांडव असला की सूर्य पंचांगातल्या अस्ताच्या तासभर आधीच कड्याआड जातो. वर आभाळ पांढरंफटक आणि खाली नवरानवरी निळ्या सावलीत. आभाळ सांभाळावं तर चेहरे काळे पडतात, चेहरे सांभाळावेत तर आभाळ जळतं. ज्या डोंगरासाठी नवऱ्या मुलाच्या वडिलांनी एवढं भाडं मोजलेलं असतं, तो डोंगर शेवटी एलईडी लाइटच्या मागे नुसता काळा ढिगारा दिसतो.

नागावला हा प्रश्नच नाही. सूर्य सरळ पाण्यात उतरतो, शेवटच्या मिनिटापर्यंत चेहऱ्यावर ऊन असतं. त्यामुळे नवरीकडच्यांनी फोनवर ‘आमच्या घरच्याच वाडीत लग्न आहे, नागावला’ असं सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. माघ शुद्ध दशमी, मुहूर्त दुपारी पावणेपाचच्या सुमाराचा. म्हणजे अक्षता पडल्या की तासाभरात दोघांना किनाऱ्यावर न्यायचं आणि साडेसहा-पावणेसातच्या मध्ये सूर्यास्त गाठायचा. मुलीने एक रीलही पाठवलं होतं. ओल्या वाळूवर उभं जोडपं, पायाखाली अख्खं आभाळ उतरलेलं, लेहेंग्याचा घेर पाण्यात उलटा. खाली लिहिलं होतं, ‘ताई, बाकी काही राहिलं तरी चालेल, हे हवंच.’

आठवडाभर आधी जागा बघायला निघालो. पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. वडखळ सोडलं की रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसायला लागतात. या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आता प्रत्येक टपरीवर ‘अस्सल अलिबाग’ अशी पाटी आहे, कांदा कुठलाही असो. अलिबागमधून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंच्या वाड्या अंगावर येतात. मध्ये आक्षी लागतं. मराठीतला सगळ्यात जुना समजला जाणारा शिलालेख इथला, शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. पर्यटकांच्या गाड्या मात्र तिथे न थांबता नागावच्या बनाना राइडकडे धावतात. आमचीही थांबली नाही, उजेड चालला होता.

अष्टागरातलं नागाव हे जुनं गाव. नारळ, पोफळी, विहिरी, देवळं, आणि घरं या सगळ्याच्या मागे लपलेली. मुंबईकराला पूर्वी गाडी घेऊन इथे यायचं तर पेणवरून वळसा पडायचा. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि तासाभरात गाडीसकट पलीकडे उतरता यायला लागलं. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा अटल सेतू उघडला. त्याआधी नागावला लग्नं व्हायची ती नागावकरांची. आता ज्यांचा या गावाशी काडीचा संबंध नाही तेही आपलं वऱ्हाड इथे उतरवतात. त्यातल्या काहींचं वऱ्हाड नवगावला जातं. अलिबागच्या उत्तरेला, थळजवळ, नवगाव नावाचं वेगळं गाव आहे. आपल्या पूर्वजांचं गलबत फुटून ते तिथे किनाऱ्याला लागले, असं बेने इस्रायली समाज मानतो. मॅपवर एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पाहुणे त्यांच्या मागोमाग तिथेच लागतात.

आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. पेट्या गाडीतच ठेवून आधी किनाऱ्यावर गेले. सुरूच्या झाडांतून बाहेर पडले आणि समोर रीलमधलं दृश्य जसंच्या तसं. पाणी लांब गेलेलं, मागे राहिलेली वाळू ओली, सपाट, आणि त्यात केशरी आभाळ. घोडागाडीवाला चाललेला, त्याचा घोडा खाली उलटा चाललेला. मी मोबाइलवर फोटो काढला, नवरीला पाठवला, तिने सात-आठ बदाम पाठवले. माझ्या हिशेबी काम झालं होतं.

रात्री वाडीच्या ओटीवर तो फोटो नवरीच्या थोरल्या काकांना दाखवला. सत्तरीचे गृहस्थ, अंगात बंडी, हातात अडकित्ता. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला आणि विचारलं, “हा आजचा?”

“हो, आत्ताचा.”

“आज तृतीया. लग्न दशमीला. दहाच्या पाऊणपट किती हो?”

“साडेसात.”

“मग साडेसातला पूर्ण भरती. तुम्ही साडेसहाला पोरांना घेऊन जाल तेव्हा हे जे ओलं दिसतंय ना, त्यावर पाणी असेल. भांगाचं पाणी आहे, सुरूपर्यंत नाही चढायचं. कोरड्या वाळूचा पट्टा मिळेल. पण हे नाही मिळायचं.” आणि अडकित्त्याने सुपारी कातरायला लागले.

हा हिशेब मला नवा होता, मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर तो कोणत्याही जुन्या माणसाला तोंडपाठ असतो. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं मागे पडतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तास हा तोंडी हिशेबाला सोपा. मी खिशातून मोबाइल काढून भरतीओहोटीचं ॲप उघडलं. काकांच्या आणि ॲपच्या वेळेत फार अंतर नव्हतं, आणि जे होतं त्याने ओल्या वाळूतल्या माझ्या आरशाला काही फायदा होत नव्हता. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप लांब जातं. अष्टमीच्या पुढे भांग, तेव्हा ना धड चढतं ना धड उतरतं. त्या संध्याकाळी मला मिळालेला आरसा तृतीयेचा होता, उधाणाच्या उतरत्या पाण्याचा.

मला गंमत याची वाटली की मुहूर्त काढणाऱ्याच्या पुढ्यात हीच माहिती असते. त्याच पानावर, त्याच ओळीत. तिथी, सूर्यास्त, चंद्र कुठे आहे, सगळं. नवरीकडचे त्यातून ग्रह घेतात, मी आजवर सूर्यास्ताची वेळ तेवढी घेत होते. डोंगरात तेवढ्यावर भागतं. (गोरज मुहूर्त असता तर हा सगळा प्रश्नच निकालात निघाला असता. सूर्य बुडताना दोघंही अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी, किनाऱ्यावर नेणार कोणाला?)

काकूंनी सोलकढी आणून ठेवली आणि विषय आपोआप सुटला. त्या म्हणाल्या, “दशमीला लग्न, मग पाचव्या दिवशी पोरगी पाचपरतावणाला येणारच आहे की इथे. तेव्हा पौर्णिमा पडते. तेव्हा काढा तुमचे फोटो.” काकांनी मनात हिशेब केला. सव्वाअकराला भरती, साडेपाचला ओहोटी. साडेसहाला सगळा किनारा उघडा. नवरीला फोन लावला. ती आधी हिरमुसली, मग विचारलं, “पण तेव्हा मेकअपवाली कोण देणार?” तो खर्च कोणाकडे, यावर घरात पुढचा अर्धा तास चर्चा झाली. मी सोलकढी घेतली.

दुसऱ्या दिवशी माघी गणपती, गावात सकाळपासून लगबग. आम्ही वाडीत उजेड बघत बसलो. वाडी फोटोत छान दिसते, पण व्हिडिओला ती अवघड. पोफळी सरळसोट, बारीक, शेंड्याला झुबका. ऊन त्या झुबक्यांतून गाळून खाली पडतं ते कवड्याकवड्यांनी. नवरीच्या एका गालावर जळका डाग, दुसरा गाल अंधारात, आणि वारा आला की डाग नाकावर. शिवाय पानांवरून उसळलेला उजेड हिरवा असतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. हळद लावलेला चेहरा पडद्यावर कच्च्या लिंबासारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे मांडवाला वरून पांढरं पातळ कापड ताणायचं आणि व्हाइट बॅलन्स मांडवात उभं राहूनच धरायचा, बाहेर धरलेला चालत नाही. मांडववाल्याला झावळ्यांचं छत घालायचं होतं, ते दिसायला अस्सल. मी म्हटलं, झावळ्या बाजूंना लावा, खांबांना लावा, कमानीला लावा, डोक्यावर नको. झावळीतून ऊन पट्ट्यापट्ट्याने पडतं आणि भटजींपासून करवल्यांपर्यंत सगळे वाघासारखे दिसतात.

मांडव घालायची जागा वाडीच्या मधोमध मोकळी होती. चारी बाजूंनी उंच झाडं आणि मध्ये आभाळ उघडं. एखाद्या सजावटकाराला सांगून करून घ्यावी अशी. मी तसं बोललेही. काका म्हणाले, “ती निसर्गने केलीय.” मला वाटलं निसर्गाने. त्यांचा रोख वादळाकडे होता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं तेव्हा दुपारच्या काही तासांत या पट्ट्यातल्या वाड्या झोपल्या. नारळ मुळासकट आडवे, पोफळी मध्येच मोडलेल्या. काका सांगत होते की आवाज कसला आहे तेच आधी कळेना, कडाड कडाड असा मोजता येईल इतका सुटा, एकामागून एक पोफळ जाताना. दुसऱ्या दिवशी त्यांना घराच्या मागच्या दारातून पहिल्यांदा समुद्र दिसला. जन्म त्या घरात गेला, दारातून समुद्र कधी दिसलेला नव्हता.

नवी पोफळ लावली तर धरायला पाच-सात वर्षं तरी जातात, नारळही तसाच. तोवर वाडीने खायचं काय? काही वाड्यांनी खोल्या काढल्या, काहींनी कारवी-बांबूची घरटी बांधली, काहींनी ही मोकळी झालेली जागा लग्नाला द्यायला सुरुवात केली. या वाडीतही रिकाम्या चौकात रोपं लावलेली होती, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीची, प्रत्येकाभोवती आळं. मांडव त्यांच्यामधून घालायचा होता. काकांची अट एकच, एकाही आळ्यात कोणाचा पाय पडता कामा नये. सजावटवाल्या मुलाने सुचवून पाहिलं की तात्पुरती उपटून कुंडीत ठेवू, लग्नानंतर परत लावू. काकांनी उत्तर दिलं नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. पुढे आम्ही रेलिंगसारखा नारळाचा सुंभ बांधून घेतला आणि त्याला झेंडू लावले. पाहुण्यांना ती सजावट वाटली.

ड्रोन उडवणारा मुलगा मुंबईचा, तो लग्नाच्या आदल्या दिवशी रो-रोने मोटरसायकल घेऊन आला. त्याचा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र ‘नॅनो’ वर्गात येतं आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण कुठे उडवायचं, कुठे नाही, हे सरकारी नकाशावर पाहावंच लागतं, आणि शहाण्याने स्थानिक पोलिसांना सांगून ठेवावं. कुलाबा किल्ल्यावर जोडप्याला घेऊन जाऊ, ओहोटीला चालत जाता येतं, असं नवऱ्याच्या मित्रांचं म्हणणं होतं. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, शूटिंगची परवानगी आधी काढावी लागते, ती आमच्याकडे नव्हती. विषय तिथेच संपवला.

ड्रोन सुरू केला की तो अनेकदा आधी होकायंत्र जुळवून घ्यायला सांगतो, मग यंत्र हातात घेऊन गोल फिरावं लागतं. किनाऱ्यावर तो मुलगा असा गिरक्या घेत होता आणि घोडागाडीवाले हसत होते. मला अलिबागची वेधशाळा आठवली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईत कुलाब्याला होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या तारांनी नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा काढली. आत लोखंड वापरलेलं नाही. ती अजून चालू आहे. एवढी चोख दिशा मोजणाऱ्या तालुक्यात आमच्या यंत्राला उत्तर सापडत नव्हती. मुलाच्या मनगटातलं जाड कडं काढायला लावलं तेव्हा सापडली.

समुद्राकाठी ड्रोनला सकाळ बरी. रात्रभर जमिनीवरून वाहणारे मतलई वारे पहाटे मंदावलेले असतात, पाणी शांत, किनाऱ्यावर माणूस नाही. दुपारपासून खारे वारे सुरू झाले की हलकं यंत्र परत आणताना जीव टांगणीला लागतो, बॅटरी वाऱ्याशी भांडण्यातच संपते. जेट स्की आणि बनाना बोटींचा आवाज वेगळा. म्हणून वाडीची, मांडवाची, सुरूच्या रांगेची सगळी वरची दृश्यं आम्ही लग्नाच्या सकाळी लवकरच उरकली. तेव्हाही भरतीच होती, दशमीला सकाळीही साडेसातच्या आसपास. वरून पाहिलं तर हिरव्या वाड्या, मग सुरूची रेघ, मग वाळूची बारीक किनार आणि लगेच पाणी. आरसा नव्हता, पण गाव पाण्याला किती चिकटून आहे ते त्या एका फ्रेममध्ये दिसलं. फिल्मची सुरुवात तिथूनच केली.

त्याआधीची रात्र नवऱ्याकडच्या हळदीची. ते आगरी, पेणकडच्या खारेपाटातले. मी तिकडे गेले, नवरीकडे दुसरा कॅमेरा ठेवला. आगरी हळद म्हणजे डीजे, बेंजो, अख्खं गाव अंगणात, आणि पिवळ्या कपड्यांतला नाच. त्याचं फुटेज सगळीकडे सारखंच येतं, चढे रंग, चढा आवाज. ते मी नेमाने घेतलं. दहाच्या ठोक्याला डीजे बंद झाला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासूनचा, पण तो पाळलेला पाहिला की अजून नवल वाटतं. कानातली घुमी ओसरायला थोडा वेळ गेला आणि मग कळलं की घरात कोणीतरी गात आहे. ती मघापासून गात असणार, आम्हाला ऐकू येत नव्हती.

धवलारीण. आगरी-कोळी लग्नात विधी करवता करवता धवले म्हणणारी बाई. कुठल्या विधीला कुठला धवला, कोणी पुढे यायचं, कोणाच्या हातात काय द्यायचं, हे सगळं तिच्या गाण्यात चालतं. पूर्वी कित्येक लग्नं भटजीवाचून तिच्याच तोंडून लागत. या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, नऊवारी, कपाळभर कुंकू, पुढ्यात सूप. बाजूच्या दोघी त्यांची ओळ झेलत होत्या. आवाज उंच नव्हता. नाकात किंचित दाबलेला, लांब धरलेला, आणि ओळीच्या शेवटी खाली सोडलेला. मी लाइट लावला. त्या गायच्या थांबल्या नाहीत, पण दोन ओळींच्या मध्ये म्हणाल्या, “माजे तोंडावर उजेर नको मारू गो पोरी.” मी लाइट बंद केला. खोलीत एक पिवळा बल्ब. आयएसओ १२,८०० वर नेला, चित्राला रवाळपणा आला, येऊ दिला. माइक मात्र कॅमेऱ्यावरून काढून सुपाच्या कडेला, तांदळात खुपसून ठेवला. ती माझ्या सगळ्या कामातली सगळ्यात चांगली रेकॉर्डिंग झाली असेल, आणि तिला देखावा काही नव्हता. एक भिंत, एक सूप, एक बल्ब.

नवऱ्याचे मित्र तोवर मागच्या परड्यात पोपटी लावत होते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, तोंड पाल्याने बंद, मडकं उपडं, आणि वर गवत-काटक्यांचा जाळ. आत पाण्याचा थेंब नाही. ते जाळाभोवती उभं राहून बोलतात ते ऐकायला कॅमेरा बंद असलेला बरा. मी पहाटे दोनला वालाच्या शेंगा ओरपत होते आणि सातला नागावात ड्रोन.

लग्न लागलं त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, सगळी लागतात तसं लागलं. मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीपर्यंत अंतरपाट वर असतो. तो खाली येतो आणि दोघं एकमेकांकडे पाहतात, तो क्षण दोन सेकंदांचा. त्या दोन सेकंदांसाठी मी तीन कॅमेरे लावते, कारण त्याच वेळी चारी बाजूंनी अक्षता, पुढे मोबाइल धरलेले हात आणि एखादा मामा फ्रेममध्ये येतोच. इथे मामा आला नाही, काका आले. ते मांडवाच्या डाव्या कोपऱ्यात एका रोपापाशी उभे होते, अक्षता टाकायला गर्दी पुढे सरकली तशी त्यांनी दोन्ही हात पसरून रोपाला पाठीशी घेतलं. डाव्या कॅमेऱ्यात अंतरपाट, नवरीचा अर्धा चेहरा आणि मागे हात पसरलेले काका. दिग्दर्शकाने सांगून हे मिळत नाही. मी तो शॉट तीन सेकंद जास्तच ठेवला.

साडेसहाला किनाऱ्यावर कोरड्या वाळूचा पट्टा होता, काका म्हणाले होते तेवढाच. लाटा जवळ, गर्दी दशमीच्या मानाने नव्हे, शनिवारच्या मानाने. आम्ही पाण्याकडे पाठ करून सुरूत घुसलो. सुरूच्या सुया ऊन गाळतात ते बारीक, मऊ, पोफळीसारखं तोडून नाही. आडवं सोनेरी ऊन थेट खोडांपर्यंत. दोघांना तिथे चालवलं, बोलू दिलं. नवरीचे पाय दुखत होते, तिने चपला हातात घेतल्या. तेही चांगलं आलं.

पौर्णिमेला आम्ही तिघंच परत गेलो. पाचपरतावणाचं जेवण झालं, मेकअपवाली मिळाली नव्हती, नवरीने स्वतःच काजळ-टिकली केली. लेहेंगा नाही, माहेरची साडी. उघडा पडलेला किनारा, लांब गेलेलं पाणी, आणि पायाखाली आरसा, रीलमध्ये होता त्याहून मोठा. एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात नव्हती. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास समोरून चंद्र उगवतो. पश्चिमेला सूर्य पाण्यावर आणि पूर्वेला वाड्यांच्या शेंड्यांवर मोठा पिवळा चंद्र. ज्या बाजूला कॅमेरा फिरवावा तिकडे काहीतरी. नवऱ्याने विचारलं, “कुठे बघू?” मी म्हटलं, तिच्याकडे बघ, बाकी माझं मी बघते.

एडिटिंगला तीन आठवडे गेले. नवरीला एक मिनिटाचा टीझर हवा होता, त्यात आरशाचे दहा सेकंद, चंद्र, अंतरपाट. नवऱ्याच्या आत्याचा वेगळा फोन आला. तिला पूर्ण धवला हवा होता, अकरा मिनिटं, मध्ये कुठेही न कापता, ‘गाणं घालू नका वरून.’ तिच्या गावात आता हे म्हणणारी एवढी एकच आजी आहे आणि मुलींना पाठ नाही. त्याचं वेगळं पेनड्राइव्ह करून दिलं, पैसे घेतले नाहीत. तिने दोन वेण्या पांढरा कांदा पाठवला, तो पाटीवरचा नव्हे, शेतातला.

परवा नागावहून काकांचा फोन होता. वाडीत पुढचं लग्न अक्षय्य तृतीयेला ठरतंय, मुंबईचे लोक आहेत, त्यांनाही तेच पाण्यातलं आभाळ हवंय. मी म्हटलं, तृतीया म्हणजे सव्वादोन, साडेआठला ओहोटी, सातला पाणी बऱ्यापैकी खाली गेलेलं असेल, जमेल. काका खूश झाले, हिशेब बरोबर होता. मग जरा थांबून म्हणाले, “त्यांनी विचारायला सांगितलंय. अक्षय्य तृतीयेला तुमचा भाव दुप्पट असतो म्हणे, खरंय का?”

खरं आहे. त्यांच्यासाठी दीडपट सांगितला.